मनगटावरचा मांडा

माझ्या चित्रातले हात चुकले आहेत, हे आमच्या कॉलेजात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. वार्षिक प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सरांनी दोन पाहुण्यांना मुद्दाम माझ्या चित्रापाशी आणलं आणि नेमकं त्या हातांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "इथली लय बघा." पाहुण्यांनी मान डोलावली. मी बाजूला भिंतीला टेकून उभा होतो. अशा वेळी चेहरा कसा ठेवायचा असतो ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. पण आतून इतका आनंद झाला होता, की संध्याकाळी जळगावात पिंप्राळ्याला असलेल्या माझ्या खोलीपर्यंत मी रिक्षा न करता चालतच गेलो.

दुसऱ्या दिवशी माय प्रदर्शन बघायला आली, आणि तिने उभ्या उभ्या चूक काढली.

त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. मला चित्रांबद्दल लिहिता येत नाही. कॉलेजच्या वहीत 'माझी चित्रविषयक भूमिका' असं शीर्षक टाकून मी दोनदा पान कोरं सोडलेलं आहे. पण हे जसं घडलं तसं सांगता येईल असं वाटतं.

आमचं गाव पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना लागतं. महामार्गावर फाटा आहे आणि तिथून आत थोडं चालावं लागतं. आबा, म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टर चालवतात. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे कॉलेजात नेमकं काय करतात याबद्दल आमच्याकडे कुणाचीच ठाम कल्पना नव्हती. चित्रकलेच्या कॉलेजात तर नाहीच. "रोज चित्र काढतस का? बठ्ठा दिन?" असं मायने पहिल्या वर्षी आमच्या अहिराणीत तीन-चारदा विचारलं होतं. हो, सगळा दिवस, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली होती, "मंग घरवर काय करी राहिंता?" खरं तर घरी असतानाही मी तेच करत होतो.

चित्र मी शिकलो ते गावातल्या लग्नाच्या भिंतींवरून. आमच्याकडे लग्न ठरलं की घराच्या दर्शनी भिंतीला चुना मारतात आणि पेंटर बोलावतात. तो वर गणपती काढतो, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, खाली हत्ती आणि भालदार-चोपदार, आणि मधोमध नवरा-नवरीची नावं. पेंटर आला की मी शाळेत जायचो नाही. तो हत्तीची सोंड एका दमात ओढायचा, ब्रश मधे कुठेही न उचलता. पुढे मी खडूने आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर इतके हत्ती काढले, की अक्का म्हणायची, "आठे कोनं लगन शे रे, हत्तीनं?" अक्का आमच्या शेजारची. नात्याने कुणी नाही, पण आमच्या घरात तिच्याशिवाय काही होत नाही.

जळगावला आल्यावर त्या भिंतींची मला लाज वाटायला लागली. वर्गातली काही मुलं लहानपणापासून क्लासला जाऊन आलेली होती. त्यांना छायाप्रकाश, अंतर, हवा असले शब्द सहज वापरता यायचे. माझ्या प्रत्येक माणसाभोवती जाड काळी रेघ असायची आणि सगळी माणसं समोर तोंड करून ताठ उभी. सरांनी माझा पहिला कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "काय रे, हे सगळे लग्नाला आलेत का?" वर्ग हसला. मीही हसलो. पण मला मनातून नवल वाटलं. सरांना ते कसं कळलं?

मग मी ती रेघ घालवायच्या मागे लागलो. कॉलेजच्या वाचनालयात मोठी मोठी चित्रांची पुस्तकं आहेत. ती घरी नेता येत नाहीत, तिथेच बसून बघावी लागतात. मी दुपारभर बसायचो. ज्या आठवड्यात जे पुस्तक बघितलं त्या आठवड्यात माझं चित्र तसं. एकदा सगळं निळं. एकदा सगळं ठिपक्या-ठिपक्यांचं. एकदा मी जळगावच्या स्टेशनरोडवरचा फळवाला असा काढला, की तो कुठल्या तरी थंड देशात सफरचंदं विकतोय असं वाटावं, आणि त्याच्या गाडीवर खरं तर केळी होती. सर त्या चित्रापुढे उभे राहिले आणि रागावले नाहीत. म्हणाले, "बाहेरचं बघ, भरपूर बघ. पण जेवायला घरी जात जा."

त्यांना काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं असं नाही. पण त्या शनिवारी मी खरंच घरी गेलो, आणि घरी मांडे चालले होते.

माय मांडे करते हे मला जन्मापासून माहीत आहे. आमच्या गावात पाहुणे आले, साखरपुडा असला, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आला, की "तिले बोलाव" असं म्हणतात, आणि 'तिले' म्हणजे माझी माय. दोन पाऱ्यांमधे पुरण भरून कडा दाबायच्या, थोडं लाटायचं, आणि मग पोळपाट सोडून ते हातांवर घ्यायचं. या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत ते एवढं मोठं होतं, की दोन्ही कोपरांपर्यंत पसरतं आणि आरपार उजेड दिसतो. मग ते पालथ्या खापरावर टाकायचं. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं, चुलीवर उलटं ठेवलेलं, बाहेरून काळंकुट्ट. त्या दिवशी अंगणात चुलीचा जाळ, वर काळं खापर आणि हवेत मायच्या हातांवर तो पांढुरका, पिवळसर गोल बघितला, आणि हे मी कधी बघितलंच नव्हतं असं मला वाटलं. खाल्लं होतं, बघितलं नव्हतं. मी मोबाइल काढून फोटो घ्यायला लागलो.

"अरे, जेव ना पयले! फोटो काय खाशी?" अक्का ओरडली.

पिंप्राळ्याला परत येऊन मी चार फुटांचा कॅनव्हास ताणला आणि अॅक्रिलिकमधे काम सुरू केलं. पहिल्यांदाच पुस्तक न बघता. जाड रेघ परत आली तर येऊ दे असं ठरवलं, आणि ती आली, खापराच्या कडेला. तिथे ती शोभली. चेहरा जमला, लुगड्याचा हिरवा जमला, जाळ जमला. अडचण एकच होती. माय एवढ्या झपाट्याने हात हलवते, की एकाही फोटोत हात स्पष्ट आले नव्हते. नुसते फराटे. मग मी माझ्या खोलीतल्या मित्राला कामाला लावलं. तो जामनेरचा, अभियांत्रिकी शिकतो, स्वभावाने गरीब. त्याच्या हातात मी ओला पंचा दिला आणि त्याला खिडकीत उभं केलं.

"असाच धर. हलू नको."

"किती वेळ?"

"थोडा."

"भाऊ, पंचा वाळला पूर्ण. आता सोडू का?"

त्या हातांचं मी चित्र केलं. फक्त त्यांना बांगड्या घातल्या.

प्रदर्शनाला माय आणि अक्का सकाळच्या एसटीने आल्या. हॉलच्या दाराशी दोघींनी चपला काढल्या. मी म्हटलं, राहू द्या, सगळे घालूनच जातात. माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे, लोकेस्नं काम शे आठे," आणि अनवाणीच आत गेली. तिने आधी बाकीच्यांची चित्रं बघितली. एकही सोडलं नाही. ज्या चित्रात काहीच ओळखू येत नव्हतं तिथेही तेवढाच वेळ उभी राहिली. माझ्याजवळ सगळ्यात शेवटी आली.

"हाई मी शे?"

"हो."

"नाक मनंच शे," ती म्हणाली. "लुगडंबी मनंच शे. आखाजीनं."

"गोरी दिखी राहिनी वं तू," अक्का म्हणाली. "पोऱ्याले रंग स्वस्त पडना व्हई."

दोघी हसल्या. मग मायचं हसू हळूहळू थांबलं. ती हातांकडे बघत होती. एकदा तिने मान तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला केली.

"मी काय करी राहिनू आठे?"

"मांडा करी राहिनी ना, माय."

"मांडा?" अक्का पुढे सरकली, डोळे बारीक करून बघितलं आणि एवढ्या मोठ्याने हसली, की हॉलमधले सगळे वळले. "मांडा कोठे शे? धोतर वाळाले घाली राहिनी ती!"

मी बघितलं. आणि धोतरच दिसलं. दोन्ही हातांच्या बोटांच्या चिमटीत वरची कड धरलेली, बाकीचं खाली लोंबतंय. माझी माय जळत्या चुलीसमोर, शांत चेहऱ्याने, धोतर वाळत घालत होती.

माय हसली नाही. तिने मला तिचे हात करून दाखवले, तिथेच, हॉलमधे. "बोटमा धरं तं फाटी जास रे. बोटे मिटेल पाहिजेत. मांडा मनगटवर ऱ्हास." मग अगदी हळू आवाजात, "पन चांगलं काढं तू. लोकेस्ले काय कळस?"

मी तिला खूश करायला घाईने सांगितलं, की हे चित्र आठ दिवसांनी धुळ्याच्या प्रदर्शनात जाणार आहे. आमच्या वर्गातून फक्त चार जणांची निवडली आहेत.

"धुळाले?" तिचा चेहरा एकदम उतरला. "मनं माहेर शे तठे."

एवढंच ती बोलली. पण परत जाताना बसस्टँडवर अक्काने मला बाजूला घेऊन बाकीचं सांगितलं. मायला मांडे शिकवले ते तिच्या धुळ्याच्या आत्याने. मायची आत्या म्हणजे त्या भागातली सगळ्यात नावाजलेली मांडे करणारी. मायचं लग्न झालं तेव्हा सासरी तिला ना मोठं घर होतं ना शेत. आत्या एवढंच म्हणाली होती, की हिच्या हातात मांडा आहे, हिला कुणी कमी लेखणार नाही. आणि तसंच झालं. आता माहेरच्या सगळ्या बाया चित्र बघायला येणार, आत्यालाही घेऊन येणार, आणि बघणार काय, तर मांडा धरता न येणारी बाई, तीही हुबेहूब नाकासकट.

"दुसरं कोनं नाक लाई देता तं चालतं," अक्का म्हणाली.

मी सरांकडे गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं. हसलेही थोडे. मग चित्राजवळ जाऊन म्हणाले, "हे बघ, रंग छान बसलाय. हात चांगले झालेत, चित्र म्हणून ते बरोबर आहेत. आता त्यांना हात लावशील तर सगळंच बिघडेल. आणि आठ दिवसांत? बघणाऱ्यांना ते कळणार नाही."

खरं सांगायचं तर मला त्यांचंही पटत होतं. मी दोन दिवस काहीच केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चित्राला कुणीतरी चांगलं म्हटलं होतं, आणि तेही त्या हातांमुळे. पण एकदा दिसलेलं धोतर परत मांडा व्हायला तयार नव्हतं. चित्राकडे पाठ केली तरी अक्काचं हसणं ऐकू यायचं. शेवटी तिसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी पकडून गावी गेलो आणि मायला म्हटलं, "माले मांडा शिकाड."

"तुले?"

"हात कशे असतस ते माले समजत नही. करीसन दखस."

माय माझ्याकडे बघत राहिली. मग कणीक तिंबायला बसली. अक्काने मात्र गल्लीत बातमी पोचवली, आणि खापर तापेपर्यंत आमच्या अंगणात सात-आठ बाया जमल्या होत्या. कुणी निवडायला तांदूळ घेऊन आली होती, कुणी नुसतीच आली होती.

"कॉलेजमा हाईच शिकाडतस का?"

"बरं शे, आते याले बायको शोधाले नको. सोतेच करी आन सोतेच खाई."

"अशे नही वं, आते तं पोरी रांग लावतीन!"

माझा पहिला मांडा हातांवर आल्याबरोबर मधोमध फाटला आणि पुरण माझ्या पायावर पडलं. दुसरा खापरापर्यंत पोचला, पण अर्धाच. उरलेला अर्धा चुलीत गेला. तिसऱ्याच्या वेळी मी इतका घाबरलो, की तो हातावरच ठेवून उभा राहिलो आणि तो हळूहळू खाली वाढत गुडघ्याला टेकला. बाया पोट धरून हसत होत्या. माय एकटी गंभीर होती. ती माझ्या मागे उभी राहिली, माझी दोन्ही मनगटं तिने खालून धरली आणि म्हणाली, "हातकडे दखू नको. खापरकडे दख."

"हात नही दखात तं मांडा कसा कळी?"

"वजन कळस ना. दखाले कसाले पाहिजे?"

मी खापराकडे बघितलं. आणि त्या क्षणी मला ते समजलं. शब्दांत सांगायला अवघड आहे. मांडा कुठे धरलेलाच नसतो. मुठी सैल मिटलेल्या, मनगटं बाहेरच्या बाजूला वळलेली, कोपरं अंगापासून लांब, आणि त्या दोन मनगटांवर एक वजन सारखं इकडून तिकडे जात असतं. थांबलं की फाटतं. म्हणून ते थांबतच नाही. आणि बाई हातांकडे बघत नाही, कारण तिला पुढचं बघायचं असतं, तो कुठे पडणार ते. म्हणजे माझ्या चित्रात नुसते हात चुकले नव्हते, डोळेही चुकले होते. मी मायला मांड्याकडे प्रेमाने बघायला लावलं होतं. ती कधीच तशी बघत नाही.

सातवा मांडा पूर्ण गोल नव्हता, पण एकसंध खापरावर पडला. बायांनी ओरडा केला. अक्काने कुठून तरी थाळी आणून वाजवली. तेवढ्यात आबा ट्रॅक्टर लावून आले, अंगणातली गर्दी बघितली, चुलीसमोर पिठाने माखलेला मी बघितला, आणि विचारलं, "हाऊ काय करी राहिना?"

"अभ्यास," माय म्हणाली.

आबांनी मान हलवली आणि हातपाय धुवायला गेले. जेवताना मात्र त्यांनी ताट वर करून विचारलं, "बठ्ठा फाटेल मांडा मनाच ताटमा का?"

दुपारभर माय मांडे करत राहिली आणि मी तिच्या हातांची रेखाटनं केली. फोटो काढला नाही. वजन कुठे आहे ते आता मला माहीत होतं, त्यामुळे हात हलत असले तरी काढता येत होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्या मनगटांच्या आतल्या बाजूचे भाजल्याचे डाग बघितले, तांदळाएवढे, ओळीने. खापराच्या कडेला लागून झालेले. चित्रात तिची मनगटं जामनेरच्या मित्राची होती, गुळगुळीत.

परत आलो तेव्हा कॉलेजातलं प्रदर्शन संपलं होतं. चित्र खोलीवर आणून मी आधीचे हात काचपेपरने घासले आणि त्यावर पांढरा रंग दिला. मित्र कॉलेजातून आला आणि दारातच थांबला. "काय केलंस हे? मायचे हात गेले कुठे?" त्याने त्या बिनहातांच्या मायचा फोटो काढून घरच्यांना पाठवला, का ते मला माहीत नाही. दोन दिवस ती तशीच होती. त्या दोन दिवसांत सर एकदा खोलीवर आले आणि हातांच्या जागचा पांढरा रंग त्यांनी जवळ जाऊन बघितला.

"आता?" ते म्हणाले.

"सर, मला आता मांडा येतो," मी म्हटलं. "म्हणजे, जवळजवळ येतो."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग काढ बाबा," ते म्हणाले.

बाकीच्या तिघांची चित्रं आदल्या दिवशी टेम्पोने धुळ्याला गेली. माझं गेलं नाही, कारण डोळे खापराकडे वळवून झाले होते, पण डावं मनगट अजून माझ्या मनासारखं झालं नव्हतं. ते झालं प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी. मग मी चित्र जुन्या चादरीत गुंडाळून एसटीने निघालो. चार फुटांचं ते चित्र बसच्या दारातून तिरकं करून आत घेताना कंडक्टर वैतागला.

"हे काय, दरवाजा घेऊन चालला का?"

"चित्र आहे. आईचं."

"आईचं?" त्याने चादरीचं टोक उचलून आत डोकावलं. "बाईमाणूस आहे ना? मग हिला अर्धं तिकीट."

सगळी बस हसली आणि मला मागच्या सीटवर जागा झाली. आमच्या फाट्यावर माय चढली, हातात डबा, अंगावर आखाजीचं तेच हिरवं लुगडं. कंडक्टरने एकदा तिच्याकडे, एकदा चादरीकडे बघितलं आणि तिच्या हातात अर्धं तिकीट दिलं. मी तिला चित्र दाखवायला गेलो तर तिने माझा हात धरला. "आते नको. आत्यासंगे दखसू."

धुळ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिला विचारलं नाही, पण मला कळत होतं. चित्र चुकलं असतं तर मी पुढचं चित्र काढलं असतं. तिला पुढचं माहेर नव्हतं.

हॉलमधे एक जागा माझ्यासाठी रिकामी ठेवलेली होती. सरांनी स्वतः चित्र टांगलं, मागे सरकून बघितलं आणि "हं" म्हणाले. तो "हं" चांगला होता की वाईट हे विचारायच्या आत दारात गलका झाला. मायच्या माहेरच्या बाया आल्या होत्या. मामी, त्यांच्या शेजारणी, आणि मधे काठी टेकत आत्या. लहानशी, वाकलेली, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. दाराशी सगळ्यांनी चपला काढल्या. बाहेर नुसता ढीग झाला. मग दोन कॉलेजच्या मुलींनी तो बघितला आणि त्यांनीही काढल्या.

आत्या थेट चित्रापाशी आली. माय तिच्या मागे, एक पाऊल मागेच. बाकीच्या बाया मागे गोळा झाल्या. मी सरांच्या शेजारी उभा होतो आणि या वेळी चपलांकडेसुद्धा बघू शकत नव्हतो, कारण मीही अनवाणी होतो.

आत्याने चेहरा बघितलाच नाही. तिने चष्मा कपाळावर चढवला, नाक कॅनव्हासला टेकेल इतकी जवळ गेली आणि आधी डावं मनगट बघितलं, मग उजवं. मग तिने काठी मामीच्या हातात दिली. दोन पावलं मागे आली, आणि भर हॉलमधे, सगळ्यांसमोर, तिने तिचे दोन्ही हात वर उचलले. मुठी सैल मिटल्या. मनगटं बाहेर वळवली. ते सुरकुतलेले हात क्षणभर चित्रातल्या हातांसारखे झाले आणि त्यांच्यात काहीतरी इकडून तिकडे हललं. तिची नजर खाली गेली, जिथे मी खापर काढलं होतं तिथे.

"खापर तापेल शे का?" तिने विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

माय पुढे आली. "शे, आत्या. तापेल शे."

"मंग टाक ना वं," आत्या चित्राला म्हणाली. "कितली वाट दखशी?"

बाया हसल्या, मामी हसली, सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" मी मायकडे बघत होतो. ती पदर तोंडाला लावून हसत होती, आणि हसता हसता म्हणत होती, "टाकस, आत्या. टाकस."